शाळेची वाट कोणी मोजायची?

सकाळचे पावणेसात. उल्हासनगर कॅम्प एकमधील एखाद्या शाळेच्या फाटकासमोर या वेळी उभे राहिले, तर आधी दिसतात ती वाहने. मुले नंतर दिसतात. स्कूटरवर वडिलांच्या पुढ्यात उभे असलेले बालवर्गातील पोर, रिक्षाच्या दोन्ही अंगांना लोंबणारी दप्तरे, हॉर्न वाजवीत मागे सरकणारी व्हॅन आणि या सर्वांच्या फटींतून वाट काढीत येणारी पायी मुले. ही पायी येणारी मुले नेमकी किती? हजेरीपटात मूल आले की नाही, याची नोंद असते; ते कसे आले, याची नसते. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये, असा दंडक राज्य शासनाने २०१५ साली घातला आणि दप्तरे काट्यावर चढली. ते दप्तर पाठीवर घेऊन मूल ज्या वाटेने चालते, ती वाट मात्र मोजली जात नाही.

वास्तविक उल्हासनगर हे पायी शाळेत जाण्यासाठीच जणू घडलेले शहर आहे. जेमतेम तेरा चौरस किलोमीटरांचे क्षेत्र आणि २०११ च्या जनगणनेनुसार ५ लाख ६ हजार लोकसंख्या, म्हणजे चौरस किलोमीटरमागे सदतीस हजारांवर माणसे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर फार तर पाच-सहा किलोमीटर. शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांनी पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलाला तीन किलोमीटरच्या आत शाळा मिळावी, असे ठरविले आहे. एवढ्या दाट वस्तीत बहुतेकांच्या घराजवळ कोणती ना कोणती शाळा असतेच. अर्थात जवळची शाळा आणि पालकांना हवी असलेली शाळा एकच असते असे नाही. इंग्रजी माध्यमाच्या ओढीने मूल पलीकडच्या कॅम्पात जाऊ लागते, आणि एक किलोमीटरचे तीन किलोमीटर होतात.

येथील रस्त्यांचा जन्मही ध्यानात घ्यावा लागेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराची संक्रमण छावणी म्हणून ही वसाहत उभी राहिली. फाळणीनंतर सिंध प्रांतातून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उल्हासनगर असे नामकरण झाले. छावणीचे रस्ते लष्करी गाड्यांसाठी आखलेले होते. पदपथाचा विचार त्यात असण्याचे कारणच नव्हते. पुढे बराकींच्या जागी दुकाने आली, दुकानांवर मजले चढले. उच्च न्यायालयापर्यंत गेलेला ८५५ बेकायदा इमारतींचा प्रश्न आणि त्यातून २००६ साली झालेला खास कायदा वाचकांना आठवत असेल. त्या वादात चटईक्षेत्राची चर्चा भरपूर झाली. रस्त्याच्या कडेला चालणाऱ्याच्या वाट्याला किती फूट जागा उरली, हा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही.

कॅम्प एकची आणखी एक अडचण त्याच्या कडेला आहे. शहाड स्थानक, बिर्ला गेट, सेंच्युरी रेयॉनचा कारखाना यांना लागून कल्याण-मुरबाड मार्ग जातो. मालमोटारी, एसटी आणि रिक्षा यांची वाहतूक येथे दिवसभर चालू असते. वस्तीच्या आतील गल्लीत मूल फार तर सायकलला धडकेल. या मार्गावर चूक झाल्यास तिची किंमत फार वेगळी असते. ताशी तीस किलोमीटर वेगाच्या गाडीच्या तुलनेत पन्नास किलोमीटर वेगाच्या गाडीत आघाताची ऊर्जा जवळपास पावणेतीन पट असते. हे शाळेच्या भौतिकशास्त्रातलेच गणित आहे.

आता कोणी म्हणेल, पोलिसांकडे अपघातांची नोंद असते. ज्या चौकात मुले जखमी झाली, तो धोक्याचा, बाकीचे सुरक्षित. ही समजूत किती फसवी आहे, हे ब्रिटनमधील एका जुन्या अभ्यासाने दाखवून दिले आहे. मेयर हिलमन, जॉन ॲडम्स आणि जॉन व्हाइटलेग या तिघांनी १९९० साली तो प्रसिद्ध केला. इंग्लंडमधील ज्या शाळांतील मुलांना १९७१ साली काही प्रश्न विचारले गेले होते, तेच प्रश्न त्यांनी त्याच शाळांत पुन्हा विचारले. १९७१ साली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुले मोठ्यांच्या सोबतीवाचून शाळेत जात होती. १९९० साली हे प्रमाण ९ टक्क्यांवर आले होते. या एकोणीस वर्षांत रस्त्यांवरील वाहने प्रचंड वाढली, आणि तरीही मुलांचे अपघाती मृत्यू बरेच घटले होते. सरकार त्याचे श्रेय घेत होते. संशोधकांचे म्हणणे असे की, रस्ते सुरक्षित झाले नव्हते. मुले रस्त्यावरून काढून घेतली गेली होती. ज्या रस्त्यावर मूल पाऊलच टाकत नाही, तेथे मूल मरणार तरी कसे?

हा मुद्दा शहाडच्या संदर्भात ताडून पाहण्याजोगा आहे. बिर्ला गेटजवळ मुरबाड मार्ग ओलांडताना एकही शाळकरी मूल जखमी झाल्याची नोंद एखाद्या वर्षी नसली, तर त्याचे दोन अर्थ निघू शकतात. एक, तेथे ओलांडणे सोपे आहे. दुसरा, तेथे ओलांडणे इतके कठीण आहे की पालक मुलाला एकटे सोडतच नाहीत. अपघाताची नोंदवही या दोहोंत भेद करू शकत नाही. तो करायचा तर मुलांनाच विचारावे लागते.

मुलांना विचारून खात्रीलायक उत्तर मिळते का, ही शंका रास्त आहे. हैदराबादेत शैलजा टेटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शंकेपासूनच आरंभ केला. अकरा ते चौदा वर्षांची मुले घरापासून शाळेचे अंतर किलोमीटरमध्ये सांगू शकत नाहीत. पुष्कळ मोठ्यांनाही ते जमत नाही. म्हणून त्यांनी अंतर विचारण्याऐवजी घराजवळची सर्वांना ठाऊक असलेली खूण विचारली. देऊळ, चित्रपटगृह, चौक, दवाखाना, काहीही. तेथून शाळेपर्यंतचे अंतर नकाशावर मोजले. ज्या उल्हासनगरात पत्ता ‘बराक नंबर अमुक, खोली नंबर तमुक, अमक्या मंदिराच्या मागे’ असाच सांगितला जातो, तेथे ही पद्धत किती सहज रुजेल, हे सांगायला नको.

हैदराबादचा हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ५,८४२ मुलांनी प्रश्नावली भरली. शाळेत जाता-येता गेल्या वर्षभरात रस्त्यावर इजा झाल्याचे सुमारे १७ टक्के मुलांनी सांगितले. मुलग्यांत हे प्रमाण २५ टक्के, मुलींत ११. यांतील बहुतेक इजा पोलिसांच्या दप्तरी जाण्याइतक्या मोठ्या नसणारच. गुडघा फुटला, हात मुरगळला, रिक्षाचा आरसा कोपराला लागला. परंतु आज आरसा लागला त्या जागी उद्या काय घडू शकते, हे कळण्यासाठी याच नोंदी मोलाच्या असतात. याच अभ्यासात सायकलने जाणाऱ्या मुलांना पायी जाणाऱ्यांपेक्षा इजेचा धोका अधिक आढळला, तर शाळेच्या बसने जाणाऱ्यांना निम्म्याच्या आसपास. यावरून सर्वांना बसमध्ये बसवावे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो घाईचा आहे. चौकात आणखी शंभर गाड्या आणून उभ्या केल्या, तर पायी येणाऱ्याची वाट आणखी अरुंद होते. आणि बसचे पैसे ज्यांना परवडत नाहीत, तीच मुले त्या वाटेवर उरतात.

शरीराचा हिशेबही यात आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी साठ मिनिटे अंग हलेल, दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिच्याच संशोधकांनी २०१६ पर्यंतच्या माहितीवरून काढलेल्या अंदाजानुसार अकरा ते सतरा वयाच्या ८१ टक्के मुलांची तेवढी हालचाल होत नाही. शाळा एक किलोमीटरवर असेल, तर जाता-येता भरभर चालण्यात अर्धा तास सहज निघतो. मैदानाची टंचाई असलेल्या शहरात हा अर्धा तास फुकटात हाती लागणारा आहे.

मात्र मुलाला रस्ता कसा दिसतो, हे मोठ्यांच्या उंचीवरून कळत नाही. स्वीडनच्या मानसशास्त्रज्ञ स्टिना सँडेल्स यांनी १९६८ साली लहान मुले आणि वाहतूक या विषयावर ग्रंथ लिहिला. गाडीचा वेग आणि अंतर यांचा मेळ घालणे, आवाज कोणत्या दिशेने आला हे ओळखणे, खेळाच्या भरात थांबणे, या गोष्टी लहान वयात पुरत्या विकसितच झालेल्या नसतात. मुलाला वाहतुकीशी जुळवून घ्यायला लावण्यापेक्षा वाहतुकीनेच मुलाशी जुळवून घेतले पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. उभ्या केलेल्या टेम्पोमागून सहा वर्षांच्या मुलाला समोरून येणारी गाडी दिसत नाही, आणि चालकालाही ते मूल दिसत नाही. आपल्याकडे रस्ता सुरक्षा सप्ताहात मुलांकडून घोषणा म्हणवून घेतल्या जातात. टेम्पो हलविण्याबद्दल मात्र मौन असते.

म्हणूनच या विषयातील अभ्यासक मुलांना कोरा कागद देतात आणि घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढायला सांगतात. जे मूल चालत येते, त्याच्या कागदावर वडापावची गाडी, भुंकणारा कुत्रा, उघडे गटार आणि मित्राचे घर येते. जे गाडीतून येते, त्याच्या कागदावर पुष्कळदा दोन चौकोन आणि मध्ये एक रेघ असते. नकाशावर भीतीच्या जागी लाल ठिपका द्यायला सांगितले की तीस मुलांचे ठिपके एकाच ठिकाणी दाटू लागतात. पालिकेच्या अभियंत्याला दाखविण्यासाठी याहून चांगला पुरावा क्वचितच मिळेल.

हे ठिपके सगळे वाहनांचेच नसतात. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरातील एका शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले आणि २० ऑगस्टला संतप्त नागरिकांनी रेल्वे रोखून धरली. तेव्हापासून या पट्ट्यातील पालकांच्या मनात ‘सुरक्षित’ या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला आहे. मुलीला एकटी का पाठवत नाही, या प्रश्नाला ‘रस्ता वाईट’ असे उत्तर आले, तरी तो रस्ता डांबराचा की माणसांचा, हे प्रश्नावलीत वेगळे विचारले पाहिजे. दोहोंवरचे उपाय वेगळे आहेत. एकाला गतिरोधक लागतो, दुसऱ्याला दिवे, उघडी दुकाने आणि सोबत.

पाहणी करणे अवघड नाही. नीट करणे थोडे अवघड आहे. ‘तू शाळेत कसा येतोस?’ असे विचारले, तर मूल घरच्यांना शोभेल ते उत्तर देते. ‘आज कसा आलास?’ असे विचारले, तर खरे सांगते. जाण्याचा आणि परतण्याचा प्रवास वेगळा नोंदवायला हवा, कारण सकाळी वडिलांच्या स्कूटरवर आलेले मूल दुपारी बहुधा बहिणीसोबत चालत जाते. एकच दिवस पुरेसा नाही. जानेवारीतील पाहणी आणि जुलैतील पाहणी यांत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. उल्हास आणि वालधुनी यांच्यामध्ये वसलेल्या गावाला पावसात वाट बदलते म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही. रिक्षा वा व्हॅनने येणाऱ्यांत किती जण एका वाहनात होते, हेही विचारावे.

हे काम कोणाचे? येथे नवी समिती नेमण्याची मागणी करण्याचे कारण नाही, कारण समिती आहेच. महाराष्ट्राच्या २०११ च्या शालेय बस नियमांनुसार शाळेने परिवहन समिती स्थापन करायची असते. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष. पालक, वाहतूक पोलीस, परिवहन कार्यालय, शिक्षण विभाग आणि स्थानिक संस्था यांचे प्रतिनिधी तिचे सदस्य. रस्त्याशी संबंध असलेले जवळपास सगळे या एका टेबलाभोवती येतात, आणि बसचे थांबे, भाडे, कागदपत्रे यांवर बोलून उठतात. पायी येणारे मूल त्यांच्या विषयपत्रिकेत येतच नाही, कारण ते कोणत्याही वाहनात बसलेले नाही. नियमांच्या नावात ‘बस’ हा शब्द आहे म्हणून चालणाऱ्यांचा विचार करू नये, असे तर कोठे म्हटलेले नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पन्नास शहरांतील पदपथ आणि रस्ता ओलांडण्याच्या जागा यांची तपासणी करण्याचे, तसेच पादचाऱ्यांसाठी नियम करण्याचे निर्देश राज्यांना दिले. अशी तपासणी मोठ्या शहरांतून लहान शहरांत उतरायला वेळ लागतो, हा नेहमीचा अनुभव. एखाद्या मुख्याध्यापकाला तोवर थांबण्याचे कारण नाही. मुंबईत भायखळ्याच्या क्लेअर रोडवर शाळांसमोर रंग, खांब आणि फलक यांच्या साह्याने चालण्याची व थांबण्याची जागा आखून देण्याचा प्रयोग झाला. सामान साधे होते. महत्त्वाचे होते ते आधी आणि नंतर मुले कोठून चालतात, हे मोजणे.

कॅम्प एकमधील एका शाळेने सहावीच्या दोन तुकड्यांपुरते हे करायचे ठरविले, तर लागेल ते एवढेच: एक मंगळवार, कोरे कागद, लाल खडू, आणि फाटकाशी तासभर उभे राहून पायी, सायकल, दुचाकी, रिक्षा, व्हॅन अशा रकान्यांत रेघा ओढणारे दोन पालक. जुलैत पुन्हा एक मंगळवार. मग ते कागद परिवहन समितीच्या टेबलावर ठेवायचे आणि वाहतूक पोलिसांच्या प्रतिनिधीला विचारायचे की, या तीस ठिपक्यांच्या जागी सकाळी पावणेसात ते सव्वासात टेम्पो का उभा असतो.