मस्टरवर नसलेली गिरणी

मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास आपण बहुतेक वेळा मालक, युनियन आणि संप यांच्याभोवती सांगतो. या तिघांच्या मधोमध उभा असलेला जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, त्यात ओझरता येऊन जातो. ताडदेवला कावसजी नानाभाई दावरांची पहिली गिरणी १८५६ मध्ये चालू झाली. तेव्हापासून पुढची पाऊणशे वर्षे माणूस कामावर घ्यायचा कुणी, काढायचा कुणी आणि साचे, म्हणजे माग, कुणाच्या हाती द्यायचे, हे बऱ्याच अंशी जॉबर ठरवत आला. कागदावर त्याच्या वर मॅनेजिंग एजंट, मॅनेजर आणि खात्याचा मास्तर असत. यांतल्या अनेकांना कामगाराची भाषा, त्याचे गाव, त्याचे कर्ज यांचा पत्ता नसे. तो असण्याची गरजही त्यांना वाटत नव्हती, कारण भोंगा वाजला की खात्यात पुरेशी माणसे उभी करणे हे जॉबरचे काम होते.

ही माणसे तो आणायचा कुठून? रत्नागिरी आणि साताऱ्याकडून आलेला तरुण आधी गावकीच्या खोलीत, म्हणजे गाळ्यात, वळकटी टाकायचा. एकेका खोलीत पाळ्यापाळ्यांनी झोपणारी कितीतरी माणसे असत. तिथलाच कुणी भाऊबंद त्याला जॉबरपुढे नेऊन उभा करी. मग खानावळीत उधारीवर जेवण मिळे, चाळीच्या भाड्याला कुणीतरी जामीन राही, संध्याकाळी व्यायामशाळेत ओळखी वाढत. नोकरी मिळायची गिरणीत, पण मिळवून द्यायची ती वस्ती. १८९६ च्या प्लेगमध्ये शहर ओस पडू लागले तेव्हा गिरण्यांना हे चांगलेच कळले. माणसे टिकवण्यासाठी रोजच्या रोज पगार वाटण्याची पाळी आली आणि माणसे आणू शकणाऱ्या जॉबरचे मोल वाढले.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांनंतर व्यवस्थापनाच्या पुस्तकांत ‘अनौपचारिक संघटना’ हा विषय प्रतिष्ठित झाला. किती काम करायचे ते कामगारांचा गट आपसांत ठरवतो, हे तिथल्या संशोधकांना नवे वाटले. मुंबईच्या गिरणगावात, परळ-लालबागमध्ये, ते कुणालाही सांगावे लागले नसते.

या व्यवस्थेचे कौतुक मात्र एका मर्यादेपलीकडे करवत नाही. जॉबर दस्तुरी, म्हणजे काम देण्याबद्दलची लाच, घ्यायचा. वाइंडिंग आणि रिळांच्या खात्यांत बायकांवर नायकिणी होत्या, त्याही घ्यायच्या. गैरहजर कामगाराच्या जागी काम मिळेल या आशेने रोज सकाळी दारात उभ्या राहणाऱ्या बदलीवाल्याला आत घ्यायचे की परत पाठवायचे, हा तर जॉबरच्या मर्जीचाच मामला. त्याची सत्ता अमर्याद होती असेही नाही. आपली माणसे दुखावली तर ती दुसऱ्या जॉबरकडे जातील, ही भीती त्याला सतत असे. त्यामुळे संपात तो कधी मालकाचा हस्तक झालेला दिसतो, तर कधी संपकऱ्यांच्या पुढे चाललेला.

सर्वांत कठोर गोष्ट साचेखात्यातली. धोट्यातून सूत तोंडाने ओढून काढावे लागे, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना सवर्ण विणकर त्या खात्यात येऊ देत नसत. पगार जास्त होता तो याच खात्यात. ही बंदी पाळली गेली ती नियमाविना, केवळ सगळ्यांच्या संमतीने. १९२८ च्या सार्वत्रिक संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला. अनौपचारिक नात्यांना आपण सहज माणुसकीचे नाव देतो. गिरणगावात त्यांनी कुणाला पोटाशी धरले आणि कुणाला दाराबाहेर ठेवले, हे दोन्ही लिहिले पाहिजे.

त्याच संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली. लाल बावट्याच्या या युनियनच्या गिरणी कमिट्या खात्याखात्यांत काम करू लागल्या आणि जॉबरला बगल देऊन कामगार थेट कमिटीकडे तक्रार नेऊ लागला. १९२९ चा संप फसल्यावर या कमिट्या मोडल्या, पण सवय लागली ती लागलीच. १९३१ मध्ये कामगारविषयक व्हिटली आयोगाने भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून लेबर ऑफिसरकडे द्यावा, असे सुचवले. १९३४ च्या कायद्याने मुंबईत सरकारी लेबर ऑफिसर आला, पाठोपाठ बदली कामगारांना कार्ड देण्याची पद्धत आली. जॉबरचा दरारा ओसरू लागला, एका दिवसात मात्र संपला नाही.

पुढे कायद्याने केलेली चूक मला मोठी वाटते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन मान्य केली. गिरण्यांत तो मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले तेव्हा त्यांचा विश्वास कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्यावर होता. बोलणी करण्याचा कायदेशीर हक्क मात्र त्यांच्या युनियनला नव्हता. कायद्याने नेमलेला प्रतिनिधी एकीकडे आणि कामगार दुसरीकडे, ही दरी बुजवायची सोपी वाट त्या कायद्यात नव्हती. तरी संप वर्षापलीकडे रेटला गेला, याचे मोठे श्रेय गाव आणि वस्तीच्या त्या जुन्या जाळ्याला जाते. माणसे गावी परतली, शेतीवर आणि भावकीवर जगली. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही.

या जाळ्यातला एक धागा तेवढा वेळेवर कागदावर आला. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून खानावळवाल्या बायकांना संघटित केले आणि बँकेच्या कर्जापर्यंत पोचवले. गिरणीला पिढ्यान्‌पिढ्या जेवू घातलेल्या या बायकांचे नाव गिरणीच्या एकाही मस्टरवर नव्हते. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांसाठी घरे बांधली गेली. त्यांच्या पात्रतेची अट आहे ती १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर नाव असण्याची.