कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यातील नैराश्य

आयुर्विम्याच्या प्रस्तावपत्रावर ‘कौटुंबिक इतिहास’ असा एक रकाना असतो. वडिलांचा मधुमेह, आजोबांचा हृदयविकार तेथे निःसंकोच नोंदविला जातो. परंतु बाळंतपणानंतर वर्षभर अबोल झालेल्या आत्याचा किंवा निवृत्तीनंतर मद्याच्या आहारी गेलेल्या काकांचा उल्लेख डॉक्टरांसमोरदेखील क्वचितच होतो. वास्तविक नैराश्यही आनुवंशिकतेशी नाते सांगणारा विकार आहे.

मातापिता अथवा सख्खी भावंडे यांपैकी कोणास तीव्र नैराश्य झालेले असल्यास त्या व्यक्तीस ते होण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत दुपटी-तिपटीने अधिक असते. वारशाने येते ती प्रवणता. प्रत्यक्ष आजार नव्हे. केनेथ केंडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वीडनमधील जुळ्यांच्या पंधरा हजारांहून अधिक जोड्यांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. नैराश्यातील आनुवंशिकतेचा वाटा त्यांना स्त्रियांमध्ये ४२ टक्के, तर पुरुषांमध्ये २९ टक्के आढळला. हे आकडे समूहातील भिन्नतेविषयीचे आहेत. ‘मुलीला हा आजार होण्याची शक्यता ४२ टक्के’ असा अर्थ कोणी काढू नये.

बालपणी मुलगे व मुली यांच्यात फारसा भेद दिसत नाही. पौगंडावस्थेपासून मात्र स्त्रियांमधील प्रमाण सुमारे दुप्पट होते. संप्रेरकांतील बदल, प्रसूती, घरातील हिंसा, दुहेरी कामाचा भार अशी त्याची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत.

सहव्याधींचे चित्रही निराळे. स्त्रियांमध्ये नैराश्यासोबत चिंताविकार अधिक आढळतात, पुरुषांमध्ये मद्यासक्ती. बंगळूरुच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याचे प्रमाण स्त्रियांत अधिक होते. तथापि एकूण मानसिक विकार पुरुषांत १३.९ टक्के आणि स्त्रियांत ७.५ टक्के निघाले. या उलट्या चित्रामागे व्यसनाधीनतेचा वाटा मोठा आहे. नैराश्यग्रस्तांपैकी सुमारे ८५ टक्के व्यक्ती उपचारांविना होत्या.

घराण्याची स्मृती येथेच दगा देते. ‘ती मनाला फार लावून घेई’ हे स्त्रीविषयी सांगितले जाते; पुरुषाविषयी ‘दारूने वाया गेला’ एवढेच. दारूआधी त्याची झोप उडाली होती काय, तो माणसांत मिसळेनासा झाला होता काय, हे कोणी विचारत नाही. देशात आत्महत्या करणाऱ्या दहा व्यक्तींपैकी सुमारे सात पुरुष असतात, हे पाहता हा प्रश्न किरकोळ नव्हे.

डॉक्टरांना पूर्ण इतिहास सांगण्याचा व्यावहारिक उपयोगही आहे. जवळच्या नातलगास उन्माद व नैराश्य आलटून पालटून येणारा द्विध्रुवी विकार असेल, तर केवळ नैराश्यरोधक गोळ्यांनी रुग्णास उन्मादाचा झटका येण्याचा धोका संभवतो. औषधयोजना त्यानुसार बदलावी लागते. घरात थायरॉईडचा विकार असल्यास तोही सांगावा, कारण त्याची लक्षणे नैराश्यासारखीच भासतात.

खर्चाच्या दृष्टीने मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ महत्त्वाचा आहे. शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांसाठीही वैद्यकीय विम्याची तरतूद करणे त्याने विमा कंपन्यांना बंधनकारक केले. पॉलिसीतील अटी मात्र बारकाईने वाचाव्यात. प्राथमिक सल्ल्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व निःशुल्क उपलब्ध आहे. तेथे भाषा निवडता येते. त्यांत मराठीही आहे.