शिराझला आज पाणी नाही

पहाटे साडेपाच

निफाड आणि चांदवड तालुक्यांच्या शिवेवर जानेवारीतली पहाट कडाक्याची असते. पडवीतल्या थर्मामीटरचा पारा सात अंशांवर आहे. या आठवड्यात लाइट रात्रीची, त्यामुळे शेजारच्या थॉमसन द्राक्षाच्या बागेत मोटारीची घरघर कधीचीच सुरू झालीय. खाण्याच्या द्राक्षांचे बागायतदार अशा थंडीत पहाटेच ठिबक सोडतात. विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं, त्याने मुळांजवळची जमीन फार गारठत नाही आणि मण्यांना तडे जायची भीती कमी होते.

माझ्या दोन एकर शिराझमध्ये मात्र सामसूम आहे. वाइनच्या द्राक्षाला गार रात्र मानवते. मण्यातली आम्लता टिकते आणि दिवसाच्या उन्हात साखर भरत राहते. शेजारी पाणी चालू असताना आपली मोटार बंद ठेवायची, हे या पिकात सगळ्यात आधी अंगवळणी पाडून घ्यावं लागतं.

सकाळी सात

पहिली फेरी बागेतून. नजर घडांवर नाही, शेंड्यांवर ठेवायची. वेलीला पाणी मुबलक असलं की शेंडा पळत सुटतो आणि त्याच्या पुढे बाळ्या, म्हणजे वेलीचे तणावे, लवलवतात. ताण बसू लागला की आधी बाळी वाळते, मग शेंडा थांबतो. पानं मलूल होण्याच्या कितीतरी आधी वेल हे सांगून मोकळी होते. आज मुरमाड भागातल्या बहुतेक ओळींत शेंडे थांबलेत. खालच्या कोपऱ्यात, जिथे काळी माती कमरेइतकी खोल आहे, तिथे अजून कोवळी फूट दिसते. म्हणून त्या कोपऱ्याचा व्हॉल्व्ह मी वेगळा काढून घेतलाय. तिथे पाणी बंद करून बरेच दिवस झाले, तरी माती सोडत नाही. शिवाय कलम ज्यावर केलंय तो खुंट डॉगरिजचा आहे. खारं पाणी आणि दुष्काळ तो सोसतो, पण वाढीला फार जोमाचा. अशा खुंटावरच्या लाल द्राक्षाला वेसण घालायची ती पाण्यानेच.

अण्णा काठी टेकत बांधापर्यंत येतात. त्यांची सगळी हयात थॉमसनमध्ये गेली. "बाग तहानलीय रे," ते म्हणतात. "तहानलीय अण्णा, पण अजून दोन दिवस धरेल," मी सांगतो. ते मान हलवतात. त्यांना पटलेलं नाही, हे मला कळतं. निर्यातीच्या थॉमसनचा मणी अठरा मिलिमीटरच्या वर लागतो, त्यासाठी पाणी आणि जीए (जिबरेलिक आम्ल) दोन्ही मोजून द्यावं लागतं. शिराझचा मणी लहान राहिला तरच उपयोगाचा, कारण लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीत असतो. मणी लहान असला की रसाच्या मानाने साल जास्त मिळते. मणी धरल्यापासून त्यात पाणी उतरेपर्यंत, म्हणजे तो मऊ पडू लागेपर्यंत, जो ताण बसतो, तो आकार ठरवतो. पाणी उतरल्यानंतरच्या ताणाने आकार फारसा बदलत नाही. पण त्याने वेल शेंड्याकडचा खर्च थांबवते आणि सगळं घडाकडे लावते. आमच्या शिराझची फळछाटणी सप्टेंबरअखेरची, मण्यात पाणी उतरून तीन आठवडे झालेत. आता हा दुसरा ताण सांभाळायचा.

सकाळी साडेआठ

शेडमागे बाष्पीभवन पात्र ठेवलंय. १२० सेंटिमीटर व्यासाचं, २५ सेंटिमीटर खोल, वर पक्ष्यांसाठी जाळी. काल या वेळेपासून त्यातलं ४ मिलिमीटर पाणी उडालं. तीन दिवसांचं मिळून १२ मिलिमीटर, म्हणजे एका एकरावर साधारण ४८ हजार लिटर. पांढऱ्या चेनिन ब्लांकचा एक एकर आहे, त्याची काढणी जवळ आलीय. चेनिनला आम्ही शिराझइतकं ताणत नाही. पानं गळाली तर घड उन्हात उघडे पडतात आणि मणी करपतात. म्हणून त्याला बाष्पीभवनाचा तिसरा हिस्सा, सोळा हजार लिटर. आठ बाय चार फुटांवर एकरी १,३६० वेली, प्रत्येकीला तासाला दोन लिटरचे दोन ड्रिपर, म्हणजे तासाला सुमारे ५,४०० लिटर. तीन तास पाणी. रोज तासभर द्यावं असं नवख्याला वाटतं, पण रोजच्या थोड्या पाण्याने मुळं वरच्या थरातच घुटमळतात. तिसऱ्या दिवशी एकदम दिलं की ओल खाली जाते आणि मुळंही तिच्यामागे खाली उतरतात.

सकाळी साडेनऊ

ऊन तापलं की शेततळ्यावरचा सोलर पंप दाब धरतो. आधी सँड फिल्टरच्या दोन्ही बाजूंचे गेज बघायचे. फरक अर्ध्या किलोच्या वर गेला तर उलटं पाणी फिरवून वाळू धुवायची. मग मोजनळी घेऊन पहिल्या आणि शेवटच्या ओळीत जायचं. ड्रिपरखाली तीन मिनिटं धरली की १०० मिलिलिटर भरायला हवं. पहिल्या ओळीत १०० आहे, शेवटच्या ओळीच्या टोकाला ८४. तळं भरतं ते आमच्या विहिरीच्या पाण्याने आणि त्यात क्षार फार, ते ड्रिपरच्या तोंडाशी पांढरे साचतात. लॅटरलची टोकं एकेक करून उघडली. आधी तपकिरी गाळ आला, मग पांढुरके कण, मग स्वच्छ पाणी. पुन्हा मोजलं तर ९३. काढणी झाल्यावर आम्लाचं पाणी फिरवावं लागणार. कागदावरचा हिशेब कितीही चोख असला, तरी शेवटच्या वेलीला पोचलेलं पाणीच खरं. ठिबक बसवलं म्हणजे काम झालं असं समजणाऱ्या बागा मी पाहिल्यात. त्यांच्यात एका टोकाला चिखल असतो आणि दुसऱ्या टोकाला भेगा.

दुपारी दीड

वायनरीच्या तंत्रज्ञ ताई आल्यात. त्यांच्याकडे प्रेशर चेंबर आहे. उन्हातलं एक पूर्ण वाढलेलं पान त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घेतात, देठ ब्लेडने एका फटक्यात कापतात आणि पान पोलादी नळकांड्यात बंद करतात. देठाचं कापलेलं टोक तेवढं रबरातून बाहेर डोकावत राहतं. मग नायट्रोजन हळूहळू सोडायचा आणि भिंगातून देठाकडे बघत राहायचं. आधी टोक कोरडं, फिकट. काटा सात, आठ, नऊवर सरकतो. अकराला पोचतो तेव्हा कापलेल्या जागी ओलसर चमक येते. वेलीने जितक्या ओढीने पाणी धरून ठेवलं होतं, तितकाच दाब ते बाहेर काढायला लागला. काळ्या मातीच्या कोपऱ्यात हीच चमक आठलाच दिसली.

"भाऊ, मुरमाडाला परवा सोडू. कोपऱ्याला अजून नाही," ताई म्हणतात. आमच्या शिराझला बारा-तेरा बारच्या आसपास पाणी सोडायचं ठरलेलं आहे. पंधराच्या पलीकडे जाऊ द्यायचं नाही, कारण मग पान काम थांबवतं, साखर चढायची राहते आणि घड नुसता सुकतो. ताण म्हणजे हाल नव्हेत, हे मी दरवर्षी नव्या मजुरांना समजावतो. रिफ्रॅक्टोमीटरवर शिराझच्या रसातली साखर आज २० ब्रिक्स. काढणी २४ च्या आसपास.

फ्रान्सच्या नामांकित प्रदेशांत वाइनच्या द्राक्षाला पाणी देण्यावर आजही कडक निर्बंध आहेत. तिथे वेल वाढत असताना अधूनमधून पाऊस होतो. आपल्याकडे फळछाटणी होते आणि पाऊस निघून जातो. छाटणी ते काढणी हा सगळा हंगाम कोरडा, ठिबकाशिवाय इथे वाइनचं द्राक्ष उभंच राहणार नाही. पण अवकाळीने दगा दिला नाही तर पाण्याची चावी पूर्णपणे आपल्या हातात असते, आणि पावसाळी मुलखातल्या बागायतदाराला हे सुख नाही. आमच्या कोरडेपणाची ही जमेची बाजू आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

दुपारी चार

चेनिनचं पाणी बंद. पेठ-सुरगाण्याकडून आलेली जोडपी शिराझच्या घडांजवळची पानं काढून निघतायत. हे सगळं वायनरीशी केलेल्या करारापायी. राज्याने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं, वायनऱ्या वाढल्या आणि आमच्यासारख्यांनी करार केले. करारात ब्रिक्सप्रमाणे भाव असतो. एकरी चार-पाच टनांच्या पुढे शिराझ आम्ही नेत नाही. पाणी वाढवून वजन वाढवता येतं, पण तो माल वायनरीच्या दारात उघडा पडतो.

संध्याकाळी सहा

शेततळ्याची पट्टी बघायची वेळ. तीस बाय तीस मीटर, तीन मीटर खोल, पूर्ण भरलं तर सुमारे २० लाख लिटर. आज भरलेलं दिसतंय, पण या पाण्याकडे मी जानेवारीचं म्हणून बघत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी होईल आणि तिथून चाळीस ते साठ दिवसांत डोळ्यांच्या आत पुढच्या वर्षीचे सूक्ष्म घड तयार होतील. त्या काळात वेल उपाशी राहिली तर फळछाटणीनंतर घडांच्या जागी बाळ्या निघतात. आणि तो काळ नेमका मे महिन्यातला. तेव्हा पात्रातून दिवसाला १० मिलिमीटर उडतं, तीन एकरांना रोज ४८ हजार लिटर लागतं. भरलेलं तळं चाळीस दिवसांत तळाला जाईल, आणि तळ्यावरून उन्हात उडणारं पाणी यात धरलेलंच नाही. आज शिराझला न दिलेलं पाणी म्हणून दुहेरी कामाचं आहे, या वर्षीच्या वाइनला आणि पुढच्या वर्षीच्या घडांना.

रात्री दहा

लाइट आली. विहिरीवरची मोटार चालू करून तळ्यात पाणी टाकायला घेतलं. डायरीत लिहिलं : बाष्पीभवन ४, चेनिन ३ तास, शिराझ मुरमाड ११ बार, कोपरा ८ बार, पाणी नाही.

वाइनची बाग लावायच्या विचारात असलेले कितीतरी जण जानेवारीत बाग बघायला येतात. तेव्हा विहिरी भरलेल्या असतात आणि सगळं सोपं दिसतं. त्यांना माझं एकच सांगणं आहे. या, पण मे महिन्यात या. आधी स्वतःच्या विहिरीचं मे महिन्यातलं पाणी मोजा, त्यावर किती एकर जगेल ते ठरवा आणि मगच रोपांची मागणी नोंदवा.