‘धग’ कादंबरी आणि वऱ्हाडांतील द्रव्यस्थिति

वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासास कागदांचा तोटा नाहीं. इ. स. १८५३ च्या तहानें हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभारांत आला. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी चालून तिकडील कापूस विलायतेस पोंचेनासा झाला, तेव्हां वऱ्हाडी कापसास अपूर्व भाव चढला. १८६७ त लोहमार्ग नागपुरास पोंचला, १८७० त लायलसाहेबांचें गॅझेटियर निघालें, १८८६ त कारंजा येथें नियमबद्ध कापूसबाजार स्थापन झाला व १८९७ त अशा बाजारांसाठीं कायदाच झाला. यांतील प्रत्येक गोष्टीस लेखी आधार आहे. शिवाय पाटील-पांड्यांचीं दप्तरें आणि सावकारांच्या रोकड-खतावण्या आहेतच. इतकें असतां कादंबरीसारख्या कल्पित ग्रंथाकडे संशोधकानें कां वळावें, ही शंका आमच्या संग्राहक मित्रांकडून वारंवार ऐकूं येते. तिचें उत्तर आम्ही कै. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या एकाच कादंबरीवरून देऊं इच्छितों.

कथानक थोडक्यांत असें. कौतिक ही एका शिंप्याची बायको. नवरा महादेव स्वभावानें निरुद्योगी. हातीं घेतलेला कोणताही धंदा त्याच्याच्यानें तडीस जात नाहीं. मुलेंबाळें, उपासमार व कष्ट यांचा भार कौतिक एकटी वाहते. पुढें महादेवास महारोग जडतो आणि ज्या संसारासाठीं ती झिजली तोच तिच्या डोळ्यांदेखत मोडतो. यांत राजकारण नाहीं, चळवळ नाहीं, कोणा श्रीमंताचें कपटही नाहीं.

आतां या कौतिकचा शोध दप्तरांत घेऊन पाहावा. जमिनीच्या कागदांत खातेदाराचें नांव असतें. हिला जमीन नाहीं. खतावणींत ऋणकोचें नांव असतें. परंतु ज्याच्यापाशीं गहाण ठेवण्यास कांहीं नाहीं त्याला सावकार उभा करीत नाहीं, आणि दिलेंच तर तें नवऱ्याच्या नांवें पडतें. बलुत्याच्या हिशोबांत सुतार-लोहारांचा धान्याचा हक्क नमूद असतो. शिंपी मात्र बारा बलुत्यांत नसून कित्येक याद्यांत अलुत्यांत घातलेला आढळतो; म्हणजे खळ्यावर त्याचा वाटा बलुत्यासारखा निश्चित नाहीं, काम मिळेल तर दाम. खानेसुमारींत ती एक आंकडा होते. तिचें मूल जन्मलें कीं मेलें हें कोतवाल बुकांत एका ओळींत सांपडेल, पण त्या दोन ओळींच्या मधील वर्षें तिनें कशीं काढलीं हें कोणत्या बुकांत पाहावें? दप्तर हें ज्याच्याकडून कांहीं घ्यावयाचें आहे त्याचें स्मरण ठेवतें. ज्याच्याकडून घेण्यासारखें कांहीं उरलेंच नाहीं तो दप्तराबाहेर पडतो, आणि दप्तरावरच विसंबणाऱ्या आम्हां इतिहासकारांच्या दृष्टीबाहेरही.

कादंबरीकार मनाचें लिहितो, हा आक्षेप खरा आहे. पण मृच्छकटिकांतील चारुदत्ताच्या दारिद्र्यावरून व दशकुमारचरितांतील धूर्तांवरून प्राचीन नगरजीवनाचीं अनुमानें करितांना आमचे विद्वान् कचरत नाहींत. मग तळेगांव ठाकूरच्या परिसरांत वाढलेल्या लेखकानें वर्णिलेल्या वऱ्हाडी खेड्याविषयींच इतका संकोच कशाला? साक्ष कशी घ्यावी एवढाच प्रश्न आहे, आणि त्याची रीति मीमांसकांनीं फार पूर्वीं घालून दिली आहे. अर्थवादाचे ते तीन प्रकार मानतात. प्रत्यक्षादि प्रमाणांशीं विरोध येईल तेथें गुणवाद; अन्य प्रमाणानें आधींच ठाऊक असलेलें सांगितलें असेल तेथें अनुवाद; आणि विरोधही नाहीं व अन्यत्र कळण्याची सोयही नाहीं तेथें भूतार्थवाद.

ही कसोटी ‘धग’ला लावून पाहूं. संकटामागून संकट एकाच घरावर ज्या क्रमानें कोसळतें तो क्रम पुष्कळसा रचनेच्या गरजेंतून आलेला आहे. तो गुणवाद समजून त्यावरून खेड्यांतील सर्व शिंप्यांची सरासरी काढूं नये. मजुरी, बाजार, पीकपाणी यांचे उल्लेख बहुतांशीं अनुवाद होत. सरकारी कागद तें अधिक नेमकेपणानें सांगतात. परंतु पुरुषाचा धंदा बसला म्हणजे घराचा कारभार बाईकडे कसा येतो, मान मात्र पुरुषाकडेच कसा राहतो, आणि या दोहोंच्या ओढाताणींत घरांत उरलासुरला पैसाही कसा वांया जातो, हें सांगणारा दुसरा कागद नाहीं. हा भूतार्थवाद. त्याचें मोल आम्ही एखाद्या अप्रकाशित बखरीहून कमी मानीत नाहीं.

महारोगाचेंच उदाहरण घ्या. रसिक टीकाकार त्यांत नियतीचा घाला पाहतात. आम्हांस तेथें अर्थशास्त्र दिसतें. शेतकरी आजारी पडला तर शेत उरतें, वाटेकरी लावितां येतो. शिंप्याचें भांडवल म्हणजे त्याचीं बोटें, आणि हा रोग बोटांच्या संवेदनेवरही उठतो. शिवाय अंगावर घालावयाचें कापड महारोग्याच्या हातीं शिवावयास कोण देणार? हात गेले, गिऱ्हाईक गेलें आणि नातलगांत बसण्याची सोयही गेली. तीन दिवाळीं एकाच कारणानें. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं १९४६ त अमरावतीजवळ तपोवन येथें कुष्ठरोग्यांसाठीं वसाहत उभारली व तेथें रोग्यांस उद्योग शिकविण्यावर भर दिला. त्या भराचें कारण ‘धग’ वाचल्यावर जितकें उलगडतें तितकें वार्षिक वृत्तांतांवरून उलगडणार नाहीं.

वऱ्हाडाशीं संबद्ध असे आणखी दोन कादंबरीकार येथें सहज आठवतात. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७) यांचें शिक्षण अमरावतीस झालें. ‘ब्राह्मणकन्या’ (१९३०) इत्यादि कादंबऱ्यांत त्यांनीं जाति, विवाह व द्रव्य यांचे प्रश्न बुद्ध्याच मांडले आहेत. मोठ्या विद्वानाविषयीं असें लिहितांना संकोच वाटतो, तथापि साक्षीदार या नात्यानें आम्ही शेळक्यांस वरचें स्थान देतों. कारण केतकरांचीं पात्रें ग्रंथकाराचा सिद्धान्त बोलतात, आणि कौतिकला सिद्धान्त म्हणून कांहीं ठाऊकच नाहीं. ज्यास कांहीं सिद्ध करावयाचें नसतें त्याची जबानी अधिक विश्वसनीय. दुसरे गोपाळ नीलकंठ दांडेकर (१९१६–१९९८). यांचा जन्म परतवाड्याचा. आम्ही राहतों त्या धारणीहून हरिसाल-सेमाडोहच्या वाटेनें सातपुडा उतरलें म्हणजे तें गांव लागतें. त्यांची ‘पूर्णामायची लेकरं’ (१९५७) ‘धग’च्या तीनच वर्षें आधींची असून वऱ्हाडी बोलीचा तो मोठा ठेवा आहे.

बोलीचा मुद्दा संग्राहकांच्या विशेष कामाचा आहे. शेळके निवेदन ग्रांथिक मराठींत करितात, पण पात्रांस वऱ्हाडींत बोलवितात. खतावणींतील मोडी अक्षर लागलें तरी शब्द लागत नाहीं, हा अनुभव कोणाला नाहीं? तोच शब्द एखाद्या पात्राच्या तोंडीं प्रसंगासह आला म्हणजे त्याचा अर्थ आपोआप उकलतो. म्हणून अशा कादंबऱ्यांतील मापें, नाणीं, कापडाचे प्रकार, भांडीं, मजुरीच्या रीति व देण्याघेण्याचे शब्द पृष्ठांकांसह उतरून काढावे आणि त्या टांचणाची एक प्रत खतावण्यांच्या बस्त्यांतच बांधून ठेवावी. नाण्यांकडे विशेष लक्ष द्यावें. दशमान नाणें १९५७ त आलें, त्यामुळें त्या सुमाराच्या पुस्तकांत आणे व नवे पैसे यांची सरमिसळ पारखूनच वाचावी लागते. पहिली आवृत्ति मिळेल तर तीच घ्यावी, कारण पुढील मुद्रणांत बोलीचे शब्द शुद्ध करण्याचा मोह मुद्रितशोधकांस फार होतो.

मेळघाटांतील कोरकू कुटुंबें आजही सुगीच्या दिवसांत काम शोधीत खालच्या सपाट प्रदेशांत उतरतात. त्यांची भाषा वेगळी, तिचा लेखी व्यवहार अल्प. परतणाऱ्या टोळींतील म्हाताऱ्यांनीं जुन्या मजुरीचे दर सांगितले तर ते सांगणाराचें गांव, काम व हंगाम यांसह लिहून घ्यावे. या पत्रिकेच्या वाचकांपैकीं ज्यांचें जाणेंयेणें परतवाडा, अंजनगांव, अकोट या बाजारांत आहे त्यांस हें काम घरबसल्या करितां येण्यासारखें आहे.