'पहद' : भयवाचक हिब्रू शब्द आणि त्याच्या धातूचा वाद

बायबलच्या जुन्या करारात भयासाठी अनेक शब्द येतात. त्यांपैकी 'पहद'साठी 'दहशत' हा प्रतिशब्द चटकन सुचतो. परंतु तो जपूनच वापरावा लागतो. आज उर्दूत व मराठीत दहशत म्हटले की ती बसवणारा कोणी तरी डोळ्यांसमोर येतो. (मूळ अरबीत 'दहशा' म्हणजे विस्मय, भांबावून जाणे.) 'पहद'मध्ये बसवणाऱ्यापेक्षा भोगणाऱ्याचे शरीर पुढे असते. ईयोब ४:१४ मध्ये पहद येताच हाडे थरथरतात. यशया ६०:५ मध्ये तर हेच क्रियापद आनंदासाठी आले आहे : दुरावलेली मुले परत येताना पाहून नगरीचे हृदय थरारते. तेथे 'दहशत' कशी बसणार? आधुनिक हिब्रूनेही दहशतवादासाठी 'पहद' न घेता 'टेरर' हा पाश्चात्त्य शब्दच घेतला आहे.

खरा वाद आहे तो उत्पत्तीच्या ३१व्या अध्यायाचा. हजरत याकूब (अ.स.) सासरे लाबान यांच्याशी करार करताना पिता हजरत इसहाक (अ.स.) यांच्या 'पहद'ची शपथ घेतात. सरळ अर्थ असा की, इसहाक ज्याचे भय बाळगत तो ईश्वर. अमेरिकन संशोधक ऑलब्राइट यांनी १९४० मध्ये वेगळा अर्थ सुचवला. अरबी 'फखिज' म्हणजे मांडी आणि कबिल्याची शाखाही. पाल्मिराच्या अरामी लेखांत 'पहदा' म्हणजे कूळ. म्हणून 'इसहाकचा आप्त' असा ईश्वर. डेल्बर्ट हिलर्स यांनी १९७२ मध्ये यावर आक्षेप घेतला : या शब्दांचे अर्थ मांडी किंवा कूळ असे आहेत, 'आप्त' हा अर्थ त्यांतून निघत नाही.

उर्दूच्या अध्यापकांना ऑलब्राइट यांचे मत लगेच पटण्याजोगे आहे, आणि अडचण तेथेच आहे. उर्दू उच्चारात जाल, जे, जाद, जोय सारे एकच होतात. अरबीत तसे नाही. अरबी जालच्या जागी हिब्रूत 'ज' येतो, अरामीत 'द'. सोन्याला अरबीत 'जहब' (जाल घालून), हिब्रूत 'जाहाव', अरामीत 'दहबा'. या नियमाने 'फखिज'चे हिब्रू रूप 'ज'ने संपायला हवे. 'पहद' संपतो 'द'ने. ईयोब ४०:१७ मध्ये मांडीच्या अर्थी 'पहद' येतो खरा, पण तो अरामीतून आलेला मानला जातो. म्हणजे भयाचा 'पहद' आणि मांडीचा 'पहद' हे दिसायला एक असले तरी धातूने वेगळे ठरतात. वर्गात अरबी-हिब्रू शब्दांची सांगड घालताना केवळ कानावर विसंबल्यास नेमकी येथे फसगत होते.

ऑलब्राइट यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगता येईल. याच अध्यायात लाबान साक्षीच्या दगडांच्या राशीला अरामी नाव देतो. तेव्हा त्या घराण्याच्या बोलण्यात एखादा अरामी शब्द येणे अशक्य नाही. परंतु ही शपथ लाबानने घेतलेली नाही. ती याकूब यांची आहे, आणि त्याच राशीला हिब्रू नाव देणारेही तेच आहेत.