जीर्ण वृक्कविकारातील निद्रानाश : निद्राजनन कल्प देण्यापूर्वी

आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे चरकाचार्यांनी सांगितलेले शरीराचे तीन उपस्तंभ. जीर्ण वृक्कविकारात, विशेषतः डायलिसिसवरील रुग्णांत, यांतील निद्रेचा स्तंभ वारंवार ढासळतो. असा रुग्ण 'झोपेसाठी काही द्या' एवढेच मागतो. कल्प देण्यापूर्वी निद्रानाशाचे कारण शोधावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

प्रश्नपरीक्षा

सायंकाळी आडवे पडताच पायांत वळवळ होते व चालल्यावर बरे वाटते काय? तसे असल्यास लोहाची कमतरता तपासावी. रात्री कंडू वाढतो काय? मूत्रप्रवृत्तीसाठी किती वेळा उठावे लागते? मूत्रल औषध सायंकाळी घेतले जाते काय? घोरताना श्वास मध्येच थांबतो, असे घरचे सांगतात काय? श्वास थांबणाऱ्या रुग्णास गुंगी आणणारे औषध घातक ठरू शकते.

उताणे झोपताच दम लागून उठून बसावे लागत असेल, तर शरीरात जलसंचय झाल्याची शंका घ्यावी. दिवसा ग्लानी, रात्री जागरण, मळमळ व संभ्रम ही लक्षणे एकत्र दिसल्यास रक्तातील विषद्रव्ये वाढल्याचा संशय घ्यावा. या दोन्ही अवस्थांत रुग्णास त्याच दिवशी वृक्करोगतज्ज्ञांकडे पाठवावे.

औषधयोजनेतील सावधानता

सर्पगंधेने रक्तदाब उतरतो. रुग्ण आधीच रक्तदाबाच्या गोळ्या घेत असतो. यष्टिमधूने शरीरात मीठ व पाणी साचते आणि रक्तदाब वाढतो. यवक्षारात पोटॅशियम विपुल असल्याने त्याने हृदयगती बिघडण्याचा धोका असतो. पारदयुक्त रसकल्प या रुग्णांत टाळावेत. जायफळ घातलेले दूधसुद्धा पोटॅशियम, फॉस्फरस व दिवसभराच्या पाण्याच्या मर्यादेचा हिशोब करूनच सुचवावे.

उपक्रम

चरकाचार्यांनी निद्रानाशात अभ्यंग सांगितला आहे. पादाभ्यंग व शिरोभ्यंग यांचा वृक्कांवर भार पडत नाही. मात्र पायांवर व्रण वा भेगा असल्यास पादाभ्यंग करू नये. डायलिसिसच्या फिस्टुलाचा हात मुळीच चोळू वा दाबू नये. दिवास्वाप कमी करावा. उठण्याची वेळ निश्चित ठेवावी. मूत्रल औषधाची वेळ तज्ज्ञांच्या संमतीनेच बदलावी.

औषधी विक्रेत्या बंधूंना विनंती, की झोपेचा कल्प मागणाऱ्यास 'वृक्कविकार आहे काय? डायलिसिस चालू आहे काय?' हे अवश्य विचारावे. उत्तर होकारार्थी आल्यास चिठ्ठीविना कल्प देऊ नये. वैद्यांनीही आपल्या योजनेची लेखी नोंद रुग्णासोबत वृक्करोगतज्ज्ञांकडे पाठवावी.