दहा फुटांचं अंतर

पलंगापासून न्हाणीघराच्या दारापर्यंत किती पावलं आहेत, हे धडधाकट माणूस कधी मोजत नाही. खुब्याचं हाड मोडलेल्या माणसाच्या घरात मात्र ती रोज मोजली जातात. काल आजी वॉकर धरून खुर्चीपर्यंत आल्या, आज दारापर्यंत गेल्या. हेच अंतर वैद्यकीय संशोधनातही मोजलं गेलं आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या 46 रुग्णालयांत 1600 रुग्णांवर झालेल्या ‘रीगेन’ नावाच्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर साठाव्या दिवशी एकच गोष्ट मुख्य धरली होती: रुग्ण जिवंत आहे का, आणि दुसऱ्या कुणाचा हात न धरता, हवं तर काठी किंवा वॉकर घेऊन, दहा फूट चालू शकतो का?

म्हातारपणी खुबा मोडणं हा जगभर वाढत चाललेला प्रश्न आहे. 1990 साली जगात अशा सुमारे साडेसोळा लाख घटना घडल्या आणि 2050 पर्यंत हा आकडा साठ लाखांच्या पुढे जाईल, असा अंदाज 1992 मध्येच मांडला गेला होता. त्यात आशियाचा वाटा मोठा असेल, हेही तेव्हाच सांगितलं होतं. यातली बहुतेक हाडं साध्या पडण्यानं मोडतात. ओल्या फरशीवरून पाय सरकतो, रात्री उठताना तोल जातो, उंबरा लागतो. तरुण माणसाला खरचटण्यापलीकडे काही झालं नसतं, अशा पडण्यानं सत्तरी-ऐंशीतलं ठिसूळ हाड तुटतं.

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोळा असतो आणि तो कमरेच्या वाटीत फिरतो. गोळ्याखालचा निमुळता भाग म्हणजे हाडाची मान. गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या या मानेलाच चिकटून वर जातात. मान मोडून जागची हलली की वाहिन्याही तुटतात आणि गोळा हळूहळू मरतो. मानेच्या खालच्या बाजूला मोडलेलं हाड मात्र रक्त भरपूर असल्यानं जुळतं. ते जुळेपर्यंत आतून रॉड किंवा स्क्रू-प्लेटचा आधार लागतो. म्हणूनच एका आजीला ‘बॉल बसवला’ आणि शेजारच्या आजोबांना ‘रॉड टाकला’ असं ऐकू येतं.

मानेचं हाड का जुळत नाही, हे लंडनचे शल्यविशारद सर अ‍ॅस्टली कूपर यांनी 1822 च्या आपल्या ग्रंथात समजावून सांगितलं होतं. त्याच ग्रंथातला त्यांचा सल्ला आजही थक्क करतो. हा अपघात आपल्यालाच झाला तर काय करायचं, हे त्यांनी लिहून ठेवलं: पायाखाली उशी घेऊन दहा-पंधरा दिवस दुखणं ओसरू द्यायचं, मग रोज उठून उंच खुर्चीत बसायचं आणि कुबड्या घेऊन चालायला लागायचं. हाड जुळणार नाही हे त्यांनी मान्य केलं होतं, पण म्हणून अंथरूण धरायला ते तयार नव्हते. पुढची शंभर वर्षं बहुतेक रुग्णांच्या वाट्याला नेमकं अंथरूणच आलं. पायाला वजन बांधून आठवडेच्या आठवडे पडून राहायचं. पाठीला जखमा व्हायच्या, छातीत कफ साचायचा, पायात रक्ताच्या गाठी व्हायच्या, आणि माणूस हाडामुळे नव्हे तर या पडून राहण्यामुळे जायचा.

1931 मध्ये बॉस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी तीन पात्यांच्या खिळ्यानं मोडलेली मान जोडल्याचे अनुभव प्रसिद्ध केले आणि रुग्ण लवकर उठून बसू लागले. 1940 मध्ये ऑस्टिन मूर आणि हॅरॉल्ड बोलमन यांनी एका रुग्णाच्या मांडीच्या हाडाचा वरचा भाग काढून त्या जागी धातूचा भाग बसवला. मूर यांनी पुढे सुधारलेला बॉल त्यांच्याच नावानं जगभर गेला. आपल्याकडच्या शस्त्रक्रियेच्या कागदांवरही ‘ऑस्टिन मूर’ हे शब्द अनेकांनी वाचले असतील.

साधनं आली, पण कोणतं साधन कोणासाठी, किती लवकर, कोणत्या भुलीखाली, याची उत्तरं पुढची अनेक दशकं ज्या त्या डॉक्टरच्या अनुभवावर अवलंबून राहिली. चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीनं रुग्णांचे दोन गट पाडून, हजारोंच्या संख्येनं तुलना करण्याचं काम खऱ्या अर्थानं गेल्या पंचवीस वर्षांतलं. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठाचा त्यात मोठा हात आहे.

तिथूनच आखलेला ‘हिप अटॅक’ अभ्यास 2020 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. 17 देश, 69 रुग्णालयं, 2970 रुग्ण. भारतातली रुग्णालयंही त्यात होती. प्रश्न साधा होता. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला जशी धावपळ करून कॅथलॅबमध्ये नेतात, तसंच खुबा मोडलेल्या माणसाला निदानानंतर सहा तासांच्या आत टेबलावर घेतलं तर जीव वाचतील का? एका गटाला सरासरी सहा तासांत, दुसऱ्याला चोवीस तासांत शस्त्रक्रिया मिळाली. नव्वद दिवसांतले मृत्यू पहिल्या गटात 9 टक्के, दुसऱ्यात 10 टक्के. गंभीर गुंतागुंत दोन्हीकडे 22 टक्के. म्हणजे घाईचा मुख्य फायदा दिसला नाही. मात्र लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना वेदना कमी झाल्या, ते लवकर उभे राहिले, लवकर घरी गेले, आणि त्यांच्यात भ्रम होण्याचं, म्हणजे माणूस बरळू लागण्याचं, प्रमाण 12 ऐवजी 9 टक्के राहिलं.

या निकालाचा चुकीचा अर्थ काढणं फार सोपं आहे. ‘घाई करून उपयोग नाही’ असं हा अभ्यास सांगत नाही. त्यातला सावकाश गटसुद्धा एका दिवसात टेबलावर गेला होता! फिटनेसच्या कागदासाठी, इकोच्या तारखेसाठी, रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम उतरावा म्हणून किंवा पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत चार-पाच दिवस पडून राहिलेल्या रुग्णाची तुलना त्यात नाहीच. इंग्लंडमध्ये छत्तीस तास ही मर्यादा मानतात. सहा तास आणि चोवीस तास यांत फार फरक नसेल. चोवीस तास आणि पाच दिवस यांत तो नसेल, असं मानायला कुठलाच आधार नाही.

त्याच अभ्यासातून एक धागा पुढे आला. दाखल होतानाच ज्यांच्या रक्तात ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण, वाढलेली होती, त्यांच्यात लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांचे मृत्यू 10 टक्के होते आणि उशिरा झालेल्यांचे 23 टक्के. हृदयाला त्रास आहे म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलायची, या रूढ विचाराच्या अगदी उलट. अशा रुग्णांची संख्या थोडी होती आणि हे विश्लेषण मूळ प्रश्नाबाहेरचं होतं, म्हणून नेमका हाच प्रश्न घेऊन ‘हिप अटॅक 2’ आखला गेला.

भुलीच्या बाबतीतही असाच एक ठाम समज होता. पूर्ण भूल दिली की म्हातारी माणसं बरळतात, कमरेत इंजेक्शन देऊन अर्धी भूल देणं सुरक्षित, असं डॉक्टरही सांगत आणि नातेवाईकही. सुरुवातीला उल्लेख आलेल्या ‘रीगेन’नं 2021 मध्ये हे तपासलं. साठ दिवसांत मृत्यू किंवा दहा फूट चालता न येणं, हे अर्ध्या भुलीच्या गटात 18.5 टक्के आणि पूर्ण भुलीच्या गटात 18 टक्के. भ्रम झालेले अनुक्रमे 20.5 आणि 19.7 टक्के. चीनमध्ये 950 रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासातही भ्रमाच्या प्रमाणात फरक आढळला नाही. पाठीचे मणके झिजलेल्या आजींच्या कमरेत सुई जात नाही म्हणून घाबरून जाण्याचं कारण त्यामुळे उरलेलं नाही.

आता बॉलचं. गोळा बदलायचा तर नुसता गोळा, की वाटीसकट सगळा सांधा? 2019 च्या ‘हेल्थ’ अभ्यासात दहा देशांतल्या जवळपास पंधराशे रुग्णांत याची तुलना झाली. दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचं प्रमाण पूर्ण सांधा बदललेल्यांत 7.9 आणि नुसता गोळा बदललेल्यांत 8.3 टक्के, म्हणजे सारखंच. पूर्ण सांधा बदललेल्यांची हालचाल किंचित बरी, पण सांधा निखळण्याचा त्रास त्यांच्यात जास्त. खर्चाचा विचार करणाऱ्या कुटुंबाला हा निकाल माहीत असायला हवा. बॉल हाडात सिमेंटनं पक्का करायचा की नाही, हा प्रश्न मात्र बराच स्पष्ट सुटला: ब्रिटनमध्ये साठीपुढच्या 1225 रुग्णांत सिमेंटनं बसवलेल्या बॉलचे रुग्ण चार महिन्यांनी थोड्या बऱ्या स्थितीत होते आणि बॉलभोवतीचं हाड पुन्हा मोडण्याचं प्रमाण त्यांच्यात 0.5 टक्के होतं, विनासिमेंट गटात 2.1 टक्के.

साधनांमधले फरक असे थोडे-थोडे निघत असताना, सगळ्यात ठोस फरक पडला तो रुग्णाकडे बघायला कोण येतं यामुळे. इंग्लंडमधल्या हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गावात अस्थितज्ज्ञ मायकेल डेवास आणि वृद्धांचे वैद्य बॉबी अर्वाइन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर एकत्र राउंड घ्यायला सुरुवात केली होती. त्या पद्धतीची कसोटी पुढे लागली. अमेरिकेत 126 रुग्णांच्या अभ्यासात वृद्धवैद्यानं रोज येऊन औषधं, पाणी, ऑक्सिजन, झोप, लघवीची नळी यांकडे लक्ष दिलं, तर भ्रमाचं प्रमाण 50 वरून 32 टक्क्यांवर आलं. नॉर्वेतल्या ट्रोन्ढाइममध्ये 397 रुग्णांपैकी निम्म्यांना अस्थिविभागात न ठेवता थेट वृद्धचिकित्सेच्या वॉर्डात ठेवलं. शस्त्रक्रिया तीच, सर्जन तेच. चार महिन्यांनी त्या गटाची चाल जास्त चांगली होती. 2015 च्या या निकालात नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. सकाळी वेळेवर उठवणं आहे, जेवण पोटात जातंय का हे पाहणं आहे, चष्मा आणि कानाचं यंत्र हाताशी ठेवणं आहे.

इंग्लंडनं हे देशपातळीवर नेलं. 2007 पासून खुबा मोडलेल्या रुग्णांची राष्ट्रीय नोंद सुरू झाली. 2010 पासून छत्तीस तासांत शस्त्रक्रिया आणि वृद्धवैद्याची तपासणी अशा अटी पाळणाऱ्या रुग्णालयांना जादा पैसे मिळू लागले. तीस दिवसांतले मृत्यू 2007 मधल्या 10.9 टक्क्यांवरून 2011 मध्ये 8.5 टक्क्यांवर आले. भारतात अशी देशव्यापी नोंद उभी राहणं फार गरजेचं आहे. मोजल्याशिवाय कुठे उशीर होतो हे कळणार तरी कसं?

एकदा खुबा मोडला की दुसरं हाड मोडण्याचा धोका वाढतो, आणि इथे औषधाचा उपयोग निर्विवाद आहे. 2007 च्या ‘होरायझन’ अभ्यासात 2127 रुग्णांपैकी एका गटाला वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं सलाईन दिलं. नवी हाडं मोडण्याचं प्रमाण 13.9 वरून 8.6 टक्क्यांवर आलं, मृत्यूही 13.3 वरून 9.6 टक्क्यांवर. तरीही जगभर अनेक रुग्ण टाके काढून घरी जातात ते ठिसूळपणाच्या औषधाविनाच.

खुब्याच्या मानानं कटिराच्या, म्हणजे कमरेचा घेर धरणाऱ्या हाडांच्या, फ्रॅक्चरवर संशोधन फार थोडं आहे. एक्स-रेत पुढची चीर दिसते आणि ‘विश्रांती घ्या’ म्हणून घरी पाठवलं जातं. मागची, माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीतली चीर सीटी स्कॅनशिवाय निसटते. जर्मनीतल्या माइन्त्सचे रोमेन्स आणि होफमान यांनी 2013 मध्ये या फ्रॅक्चरचे चार प्रकार पाडले, त्यामुळे निदान कुणाला शस्त्रक्रिया लागेल हे बोलायला एक भाषा मिळाली. ब्रिटनमध्ये अशा रुग्णांत बाहेरून न दिसणारा आधार बसवून पाहण्याचा अभ्यास सुरू झाला, पण पुरेसे रुग्ण न मिळाल्यानं बंद करावा लागला. वेदनेनं हैराण झालेल्या ऐंशीच्या माणसाला अभ्यासात भाग घ्यायला सांगणं किती अवघड असेल! या रुग्णांसाठीचं ज्ञान अजून खुब्याच्या कित्येक वर्षं मागे आहे.

आणि काही रुग्णांच्या बाबतीत शस्त्रक्रिया करायचीच का, हा प्रश्नही आता उघडपणे विचारला जातो. नेदरलँड्समधल्या ‘फ्रेल-हिप’ अभ्यासात वृद्धाश्रमात राहणारे, आधीच फार खंगलेले 172 रुग्ण होते. डॉक्टरांनी रुग्ण आणि घरच्यांसोबत बसून दोन्ही वाटा समजावल्या. 88 जणांसाठी शस्त्रक्रिया नको असं ठरलं, 84 जणांसाठी ती झाली. शस्त्रक्रिया न झालेल्यांपैकी 83 टक्के तीस दिवसांत गेले. झालेल्यांपैकी 25 टक्के. तरीही जगलेल्या दिवसांची प्रत, वेदनेवरचं नियंत्रण धरून, पहिल्या गटात कमी नव्हती, आणि घेतलेल्या निर्णयाबद्दल दोन्ही गटांतली कुटुंबं समाधानी होती. अशा रुग्णांतले काही जण पडण्याआधीही दुसऱ्याच्या हाताशिवाय दहा फूट चालत नसतात. त्यांच्या घरच्यांशी बोलताना डॉक्टरांनी आधी विचारायला हवं ते, आजी गेल्या महिन्यात दिवस कसा घालवत होत्या, हे.